ओसाड वाडा पाहायला जाताना: पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

एसटीतून जाताना गावाच्या कडेला उंच दगडी दरवाजा दिसतो. वर नगारखान्याची मोडकी खिडकी, आत बाभळी माजलेल्या. गावात विचारलं तर उत्तर मिळतं, "देशमुखांचा वाडा. कोणी राहत नाही आता." या एका वाक्यावर विसंबून आत शिरणारे बरेच असतात, आणि त्यांच्या चुकाही ठरलेल्या असतात. 'कोणी राहत नाही' म्हणजे 'कोणाचा नाही' असं त्यांना वाटतं. दुसरी चूक जास्त जिवावरची: अडीचशे वर्षं उभा राहिलेला वाडा आपल्या दोन तासांत थोडाच पडणार, असं ते धरून चालतात.

हा लेख देशावरच्या चौसोपी वाड्यांसाठी, म्हणजे मधे चौक आणि चारही बाजूंना सोपे (ओसऱ्या) असलेल्या वाड्यांसाठी, आणि मराठवाडा, खानदेश, विदर्भातल्या गढ्यांसाठी, म्हणजे मातीच्या तटबुरुजांच्या वाड्यांसाठी आहे. किल्ल्यांचा अनुभव इथे फारसा कामाला येत नाही. किल्ला दगडाचा असतो, तर वाडा लाकडाच्या सांगाड्यावर उभा असतो. लाकूड आतून जातं आणि बाहेरून शाबूत दिसत राहतं.

१. आधी एक नांदता-उभा वाडा पाहून या

चांगल्या स्थितीतला वाडा न पाहता पडका पाहायला गेलात तर समोर नुसता ढिगारा दिसेल. वाईजवळ मेणवलीला कृष्णाकाठचा नाना फडणवीसांचा वाडा आहे, मागे घाट आणि घाटावर १७०७ सालची पोर्तुगीज घंटा. पुण्यातला विश्रामबागवाडा किंवा चांदवडचा होळकरांचा रंगमहालही चालेल. दुरुस्तीसाठी एखादा भाग बंद असू शकतो, तेवढी चौकशी निघण्याआधी करा.

तिथे बघायचं ते इतकंच. तळखडा म्हणजे खांबाखालचा दगड. त्यावर खांब, खांबावर हस्त, हस्तांवर तुळई, तुळईवर ओळीने कड्या, कड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा थर. हा कडीपाट. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. वाड्याची मापं फुटांत नाही, खणांत बोलली जातात. वजन कुठून कुठे उतरतं हे एकदा डोळ्यांत बसलं की ओसाड वाड्यात कुठे उभं राहायचं नाही हे आपोआप कळू लागतं.

२. मालक शोधा, आणि सातबाऱ्यावर थांबू नका

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो. लोक ऑनलाइन सातबारा शोधतात, वाडा सापडत नाही, आणि 'बेवारस' असा शिक्का मारून मोकळे होतात. सातबारा असतो शेतजमिनीचा. वाडा बहुधा गावठाणात असतो. गावठाणाचं नगर भूमापन झालं असेल तर त्याची मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) निघते. झालं नसेल तर ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदवहीत, म्हणजे नमुना ८ मध्ये, घरपट्टी कोणाच्या नावावर आहे ते पाहा. गढी गावाबाहेर असेल तरच सातबाऱ्याचा उपयोग.

नोंदीत एकच नाव मिळेल अशी आशा धरू नका. आजोबा वारले, वारसनोंद झाली, मग त्यांच्या मुलांची, मग लग्न होऊन गेलेल्या मुलींची. दहा-पंधरा हिस्सेदार ही सामान्य गोष्ट आहे. एक पुण्याला, दोघं इंदूरला, एक अमेरिकेत, आणि गावातल्या चुलतभावाशी कोणाचंच बोलणं नाही. वाडे ओस पडण्याचं हे एक मोठं कारण. दुसरं कारण उत्पन्नाचं. १९४८ चा कूळकायदा, १९५० चा परगणा व कुलकर्णी वतनं रद्द करणारा कायदा, १९५२ चा जातइनामं (व्यक्तीला दिलेल्या इनाम जमिनी) रद्द करणारा कायदा यांमुळे वाडा ज्या जमिनीवर पोसला जात होता ती जमीनच गेली. कौलं फिरवायला दरवर्षी लागणारा पैसा आणि माणसं दोन्ही उरली नाहीत.

परवानगी मागायची ती ज्याच्याकडे किल्ली आणि वहिवाट आहे त्याच्याकडे. एका भावाने हो म्हटलं आणि दुसऱ्याने पोलिसांत तक्रार दिली, असं घडू शकतं. म्हणून बाकीच्यांपैकी निदान एकाला फोन करून कानावर घाला. परवानगी लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेशही चालतो. त्यात तारीख, वेळ, किती माणसं, कशासाठी, फोटो काढणार का आणि छापणार का, एवढं यायला हवं. 'काही इजा झाल्यास जबाबदारी आमची' हे वाक्य आपणहून लिहा, मालकांचा अर्धा संकोच तिथेच जातो.

मालक परगावी असतील तर नवरात्राकडे लक्ष ठेवा. वाडा पडला तरी देवघर किंवा कुलदेवतेचं ठाणं बहुधा जपलेलं असतं, आणि कुळाचारासाठी घराण्यातलं कोणीतरी येऊन जातं. फोनवर सहा महिने न मिळालेली परवानगी त्या दिवशी चहाच्या कपावर मिळते.

परवानगीशिवाय आत शिरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली आगळिकीचा गुन्हा ठरू शकतो. दार नव्हतं, कुंपण नव्हतं, ही सबब तिथे फारशी चालत नाही. वाडा पुरातत्त्व विभागाच्या संरक्षित यादीत असेल तर मालकाच्या होकाराने भागत नाही, विभागाचीही परवानगी लागते.

३. गावाला कळवा

सरपंच आणि पोलीस पाटील या दोघांना आदल्या दिवशी फोन करा आणि पोचल्यावर आधी त्यांना भेटा. कारण साधं आहे. ओसाड वाडा म्हटलं की गावाच्या डोक्यात पहिला शब्द येतो गुप्तधन. पाठीवर सॅक, हातात बॅटरी घेतलेली अनोळखी चार माणसं पाहिली की संशय तिकडेच जातो. त्यामुळे:

- कुदळ, पहार, फावडं, मेटल डिटेक्टर यांतलं काहीही गाडीतसुद्धा नको.
- अमावस्या-पौर्णिमेला जाऊ नका. अंधश्रद्धा तुमची नसेल, पण गावाची शंका खरी असते. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आल्यापासून अशा तक्रारीची दखल पोलीस गंभीरपणे घेतात.
- सूर्य मावळायच्या आत बाहेर. वाड्यात मुक्काम करायची हौस मनातून काढून टाका.

गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला सोबत घ्या. आड कुठे होता, कोणती भिंत गेल्या पावसात बसली, मोहोळ कुठे लागतं हे नकाशात नसतं, त्यांच्या डोक्यात असतं.

४. हंगाम

पावसाळ्यात अजिबात नाही. पाऊस थांबल्यावर लगेचही नाही. मातीच्या भिंतीने चार महिने पाणी प्यायलेलं असतं, आणि ती वाळताना भेगा पडून बसते. दिवाळी उलटल्यावर जा. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम: गवत वाळून खाली बसलेलं असतं आणि जमीन दिसते. एप्रिल-मेमध्ये उन्हाचा त्रास, शिवाय गारव्यासाठी साप नेमके तळघराच्या पायऱ्यांवर आणि दगडांच्या फटींत येतात.

५. सामान आणि कागद

- जाड तळव्याचे, घोटा झाकणारे बूट. पडलेल्या फळ्यांतून गंजलेले खिळे वर तोंड करून असतात. धनुर्वाताचं इंजेक्शन आधीच घेतलेलं असावं.
- हेल्मेट. बांधकामावरचं चालेल, दुचाकीचंही काहीच नसण्यापेक्षा बरं.
- एन-९५ मास्क. वटवाघळांच्या लेंडीची धूळ फुफ्फुसात जाऊन आजार होतो, रुमाल पुरत नाही.
- प्रत्येकी दोन बॅटऱ्या. मोबाइलचा उजेड ही तिसरी समजा.
- पाच-सहा फुटांची बांबूची काठी, चामडी हातमोजे, शिटी.
- ३० मीटरचा टेप, आलेखाची वही, होकायंत्र, आणि दोरीला नट बांधून केलेला ओळंबा.
- माणशी तीन लिटर पाणी, प्रथमोपचाराची पेटी.
- ओळखपत्र, परवानगीच्या दोन छापील प्रती, मिळकत पत्रिकेची किंवा नमुना ८ ची प्रत.

माणसं कमीत कमी तीन. एकाला लागलं तर एक त्याच्याजवळ थांबतो आणि एक मदत आणायला जातो. लहान मुलं नकोत. निघण्याआधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशावरचं इंजेक्शन आहे का, हे फोनवर विचारून ठेवा.

६. बाहेरून प्रदक्षिणा

दारातून आत जायची घाई करू नका. जमेल तिथपर्यंत वाड्याभोवती एक फेरी मारा, अर्धा तास गेला तरी चालेल. वाडा कुठून मोडतोय ते बाहेरून जास्त चांगलं कळतं.

शोधायचं ते पाणी. वाड्याचा शत्रू काळ नाही, पाणी आहे. एक कौल सरकतं, पाणी भिंतीच्या माथ्यावर पडतं. भिंत बाहेरून घडीव दगडाची किंवा भाजक्या विटांची असली तरी पोटात बहुधा माती आणि दगडगोटेच असतात. पाणी ती माती धुऊन खाली नेतं आणि भिंत पोट काढते. त्याच भिंतीत कड्यांची टोकं रोवलेली असतात. ती ओलीला राहून कुजतात, वाळवी लागते. मधला भाग टणक, टोकं भुसा. अशी कडी वर्षानुवर्षं तशीच टेकून असते आणि माणसाचं वजन आलं की एका झटक्यात सुटते. म्हणून 'मधे नको, भिंतीकडेने चाला' हा लोकप्रिय सल्ला जुन्या माडीवर उलटाही पडू शकतो.

तेव्हा फेरीत हे पाहा: छपराचा कणा सरळ आहे की मधे खचलाय, भिंतीवर काळपट-हिरवे ओघळ कुठे आहेत, वरून दोरी सोडता आली नाही तरी ओळंबा डोळ्यांसमोर धरून कोपरा उभा आहे की कललाय. पिंपळ-वड-उंबर कुठे रुजलेत, तेही बघून ठेवा. मुळांनी दगड धरूनही ठेवलेले असतात आणि सैलही केलेले असतात, त्यामुळे वाटेतली फांदी ओढू किंवा तोडू नका. पोट काढलेल्या भिंतीपासून तिच्या उंचीएवढं अंतर ठेवा. तेवढी जागा नसेल तर तो भाग पाहायचा राहिला असं समजा.

गढीचं गणित थोडं वेगळं. तिची पांढरी माती शेतात टाकायला आणि धाब्यावर (मातीच्या सपाट छतावर) पसरायला लोक वर्षानुवर्षं खणून नेतात. त्यामुळे बुरूज खालून पोखरलेला आणि वरून पुढे आलेला असतो. त्या पोकळीत सावलीला बसणं म्हणजे बुरुजाखाली मान देणं.

७. आत शिरल्यावर

शिरायचं दिंडी दरवाजातून, म्हणजे मोठ्या दारातल्या छोट्या दारातून. दरवाजाच्या मोठ्या फळ्या हलवून पाहू नका, बिजागरी नसते, लाकडाचा खुंटा दगडी खळग्यात फिरतो आणि तो कुजलेला असला तर अख्खं दार अंगावर येतं. आत डाव्या-उजव्या हाताला पहारेकऱ्यांच्या देवड्या. तिथे थांबा, काठी दगडावर दोन-तीनदा आपटा, डोळे अंधाराला सरावू द्या. आवाजाने साप सरकतात असं नाही, जमिनीच्या हादऱ्याने सरकतात.

मग वर बघा. आग्या मोहोळ कमानीखाली, माडीच्या सज्जाखाली लागतं. दिसलं तर कुजबुजत मागे फिरा. धूर, अत्तर, फ्लॅश, ड्रोन सगळं बंद. माशा उठल्याच तर तोंड झाकून सरळ पळायचं आणि गाडीत किंवा बंद घरात शिरायचं. एका जागी बसून राहणं किंवा पाण्यात उडी मारणं यांनी सुटका होत नाही.

पहिला चौक मोकळा असतो, म्हणून सर्वांत सुरक्षितही. तिथून चारही सोपे पाहून घ्या. आता तळखडे मोजा. तळखडा आहे आणि खांब नाही, असं दिसलं तर नीट समजून घ्या: जुन्या सागवानाला आणि सुरूच्या झाडाच्या आकाराच्या कोरीव खांबांना बाजार आहे, ते विकले जातात नाहीतर चोरीला जातात. वरची तुळई आता सवयीने उभी आहे. त्या खणाखाली पाऊल टाकायचं नाही, फोटो कितीही चांगला येत असला तरी.

उरलेल्या खांबांना काठीने हलकेच ठोका. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला किंवा ठोकल्यावर भुसा गळला तर माघार. काही वाड्यांत लाकूड काळं पडलेलं दिसेल. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये झालेल्या जाळपोळीत पश्चिम महाराष्ट्रातले कित्येक वाडे जळाले. जळकी तुळई बाहेरून पाहून आत किती लाकूड शिल्लक आहे ते सांगता येत नाही, त्यामुळे ती गेलेलीच धरा.

नवख्यांनी माडीवर जाऊ नये. हा नियम वाद न घालता पाळा. भिंतीच्या जाडीतला अरुंद जिना दगडी असतो आणि तो शाबूत दिसतो म्हणून मोह होतो. जिना शाबूत असेलच, प्रश्न जिना संपल्यावरच्या पहिल्या पावलाचा आहे. धाब्याच्या वाड्यात तर वर फूटभर माती, त्यावर गवत. खाली आधार आहे की नाही हे वरून कळायला मार्गच नाही.

तळघर, पेव, बळद यांचं वेगळं सांगायला हवं. पेव म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार, बळद म्हणजे भिंतीच्या जाडीतलं. बंद जागेत कुजणाऱ्या पदार्थांमुळे ऑक्सिजन संपतो, कार्बन डायऑक्साइड तळाशी साठतो. त्याला वास नसतो. उतरलेला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही कोसळतो. मेणबत्ती सोडून पाहण्याची युक्ती भरवशाची नाही. तोंडाशी उभं राहून बॅटरीचा झोत टाका, तेवढंच. भुयाराची गोष्ट प्रत्येक गावात असते आणि ते नेहमी चार कोसांवरच्या देवळात निघतं; बहुतेकदा तो तळघराचा किंवा सांडपाण्याचा मार्ग असतो.

मागच्या चौकात, परसात आड असतो. कठडा पडलेला, वर वेली, कधी गंजका पत्रा टाकलेला. परसात काठीने जमीन चाचपल्याशिवाय पाऊल नाही. ओसाड वाड्यातून शेजाऱ्याने ओढलेली विजेची वायरही असू शकते. लोंबणारी प्रत्येक वायर जिवंत समजा.

साप चावलाच तर दोरी आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नका. चावलेला भाग फळीला बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालू देऊ नका, १०८ ला फोन करा किंवा सरळ रुग्णालय गाठा.

८. वाडा वाचणं

धोका टळला की मग खरी मजा. दरवाजाच्या आत दोन्ही बाजूंच्या भिंतींत चौकोनी भोकं दिसतील. त्यांत अडसर सरकत असे. पहिल्या चौकाच्या जास्त उंच जोत्याची, रुंद बाजू म्हणजे सदर. कारभार, निवाडे, वसूल तिथे. दुसऱ्या चौकापासून घरातली मंडळी: माजघर, देवघर, कोनाडे आणि दिवळ्या, भिंतीतलं बळद. त्यामागे मुदपाकखाना, भिंतीवर तेलकट काजळीचा थर असेल तिथे चूल होती.

गणेशपट्टीवर (दारावरच्या गणपती कोरलेल्या पट्टीवर) किंवा पायरीच्या दगडावर शक असेल तर त्यात ७८ मिळवा, इसवी सन येतं. शके १६९० म्हणजे १७६८-६९. मोडी कागदांत बहुधा सुहूर सन असतो, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात, आणि फसली या महसुली सनात ५९० किंवा ५९१. घाईने एका सनाला दुसरा समजलात तर वाड्याचं वय चुकतं.

छपरावर मंगलोरी कौलं दिसली तर छप्पर पेशवाईतलं नाही. मंगलोरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना निघाला तो १८६० च्या दशकात. ओतीव लोखंडाचे कठडे, रंगीत काचा, चकचकीत फरशी हेही त्याच काळातलं किंवा नंतरचं. पेशवाई वाडा म्हणून दाखवली जाणारी माडी कित्येकदा इंग्रजी अमदानीतल्या सुबत्तेची असते.

मोजणी खणांत करा, मग टेपने एक खण मोजून गुणा. फोटो काढताना क्रम ठरवून घ्या: प्रत्येक चौकाचे चार कोपरे, मग चार बाजू, मग बारकावे, आणि फोटोत मापासाठी काठी उभी. क्रम नसेल तर घरी आल्यावर चारशे फोटोंतली कोणती महिरप कुठली हे कळत नाही. ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला असला तरी त्या भागात उडवायला बंदी आहे का, हे सरकारी नकाशावर पाहून घ्या.

९. काय उचलायचं नाही

काहीच नाही. खिळासुद्धा.

कापडी रुमालात बांधलेली मोडी दफ्तरं सापडली तर गाठ सोडू नका. कसर लागलेला कागद उलगडताना तुकडे होतो. आहे तिथे फोटो काढा, मालकाला सांगा, आणि पुण्याचं पुराभिलेखागार किंवा भारत इतिहास संशोधक मंडळ अशा ठिकाणी विचारायला सुचवा. ७५ वर्षांपेक्षा जुनी हस्तलिखितं आणि १०० वर्षांपेक्षा जुन्या कलावस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतात, त्यांची परस्पर विक्री गुन्हा होऊ शकते. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. होय, रक्कम अजून दहा रुपयेच आहे.

देवघरात बूट काढा. पणतीला काजळी ताजी दिसली तर कोणीतरी रोज येतंय.

१०. परत आल्यावर

फोटो टाकताना नेमकं ठिकाण, गुगल नकाशाचा दुवा आणि कोरीव खांबांचे जवळून काढलेले फोटो एकत्र देऊ नका. तालुक्यापर्यंत पुरे. लाकूड नि मूर्ती चोरणारेही हेच लेख वाचतात. धोकादायक झालेली भिंत रस्त्याकडे किंवा शाळेच्या वाटेवर कलली असेल तर ग्रामपंचायतीला लेखी कळवा.

नकाशा आणि फोटोंची एक प्रत मालकाला द्या, दुसऱ्यांदा दार उघडतं ते त्यामुळेच. मात्र नकाशाच्या खाली ठळक अक्षरांत लिहा: 'केवळ अभ्यासासाठी. मापं अंदाजे. हद्दीचा किंवा मालकीचा पुरावा नाही.' वाटणीचा दावा चालू असलेल्या घरात तुमचा आलेखाच्या वहीतला कागद एखाद्या भावाच्या वकिलाच्या फायलीत जाऊन बसू शकतो, आणि मग साक्षीला तारखेवर तुम्हाला बोलावणं येतं.